जहाजीसाहेबाची भाषा

दिवाळीची सुटी लागण्यापूर्वी आमच्या शाळेची मुले आवाराच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला करतात. लोणारची माती काळी. तिचा चिखल झकास होतो, पण वाळला की त्याला भेगा पडतात. मग मुले त्या भेगांनाच भुयारे म्हणतात आणि काम पुढे चालू ठेवतात. गेल्या वर्षी मेहकरच्या बाजारातून मातीची चित्रे आणली, तर त्यांत मावळ्यांच्या बरोबर एक टोपीवाला निघाला. लाल डगला, काळे बूट, खांद्यावर बंदूक. दुकानदाराने तो हिशेबात घातला असावा किंवा चुकून आला असावा. मावळे कुठे उभे करायचे याबद्दल मुलांत दुमत नव्हते. या टोपीवाल्यावरून मात्र भांडण लागले. शेवटी एक मुलगा त्याला माझ्यापुढे धरून म्हणाला, "गुरुजी, हा आपल्या इकडला हाये का त्याहीच्या इकडला?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. मुलाला वाटले असेल की गुरुजींना इतिहास येत नाही. वास्तविक त्याच दिवसांत मी असे एक पुस्तक वाचत होतो की ज्याच्या नायकाविषयी मला स्वतःला हाच प्रश्न पडला होता. त्या पुस्तकाविषयी आणि त्याच्या निमित्ताने आम्हा लिहिणाऱ्यांच्या एका खोडीविषयी चार शब्द लिहावेत असे तेव्हापासून मनात आहे.

पुस्तक जुने आहे. कॅप्टन विल्यम फ्रँकलिन या कंपनी सरकारच्या पलटणीतल्या अधिकाऱ्याने ते लिहिले आणि कलकत्त्यास १८०३ साली छापले. नागपूरच्या एका मित्राने मला त्याची नक्कल आणून दिली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. असले इंग्रजी वाचायचे म्हणजे शब्दकोश मांडीवर घेऊनच बसावे लागते, आणि दोनशे वर्षांपूर्वीची गावांची नावे तर शब्दकोशातही सापडत नाहीत. परंतु दोन महिने मी त्या पुस्तकाला चिकटून राहिलो, याचे कारण त्यातला माणूस.

त्याचे नाव जॉर्ज थॉमस. आयर्लंडमधल्या टिपरेरी परगण्यात रॉसक्रे नावाचे गाव आहे, तिथला. जन्म १७५६ च्या सुमाराचा, घर गरिबाचे. इंग्रजांच्या आरमारात तो खलाशी झाला, आणि १७८१-८२ च्या सुमारास मद्रासेस गलबत लागले असता पळून गेला. काही काळ दक्षिणेतल्या पाळेगारांकडे, काही काळ हैदराबादेस निजामाच्या तोफखान्यात साधा गोलंदाज म्हणून त्याने काढला, आणि १७८७ त दिल्लीला पोचला. तिथे सरधन्याच्या बेगम समरूने त्याला पदरी ठेवले. पुढच्याच वर्षी गोकुळगडच्या वेढ्यात बादशहा शाहआलम शत्रूच्या तडाख्यात सापडला असताना बेगमेच्या पलटणींनी त्याला वाचवले; त्यांत थॉमस पुढे होता. मग एका फ्रेंच अधिकाऱ्यावर बेगमेची मर्जी बसली आणि थॉमसला बाहेर पडावे लागले. अशा वेळी त्याला हात दिला तो एका मराठी सरदाराने, अप्पा खंडेरावाने. हे १७९३ साल.

अप्पा खंडेराव म्हणजे महादजी शिंद्यांच्या हाताखालचा मातब्बर माणूस. द बॉइन या सॅव्हॉयच्या शिक्षकाने शिंद्यांसाठी जे पहिले कवायती कंपू उभे केले, ते बुंदेलखंडात याच अप्पाच्या हुकमतीखाली लढले होते. थॉमस त्याच्याकडे आला, त्याच्यासाठी त्याने पलटण उभी केली, हरयाणाच्या मुलखात त्याचा वसूल गोळा केला. आणि अप्पाच्याच शिपायांनी थकलेल्या पगारासाठी अप्पाला कैद केले, तेव्हा त्याने जाऊन धन्याला सोडवले. अप्पाने त्याला मुलगा मानले, हत्ती आणि पालखी दिली, झज्जरच्या बाजूची जहागीर दिली. तिथे थॉमसने एक किल्ला बांधला आणि त्याला स्वतःचे नाव दिले, जॉर्जगड. तिथल्या लोकांच्या तोंडात ते नाव बसेना. ते त्याला जहाजगड म्हणू लागले, आणि त्याच्या मालकाला जहाजीसाहेब. समुद्रापासून शेकडो कोस दूर, वाळूच्या कडेला, गावाचे नाव जहाजगड! ते गाव झज्जर जिल्ह्यात आजही आहे. हिसारला एक जहाज कोठी आहे, तिचा संबंधही लोक याच्याशीच जोडतात. गलबतावरून पळून आलेल्या खलाश्याला लोकांनी अजाणता पुन्हा गलबतावर चढवले, असे म्हटले तरी चालेल.

नावांचे हे असेच असते. आमच्या लोणारची कथा वाचकांना ठाऊक असेल. लवणासुर माजला, विष्णूने त्याला मारले. त्या विष्णूचे म्हणजे दैत्यसूदनाचे सुरेख देऊळ गावात आहे. पण गावाला नाव राहिले ते मेलेल्या लवणासुराचे. आणि इंग्रजी पुस्तकांत पाहावे, तर आमच्या सरोवराचा 'शोध' १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लावला! ऐन-ई-अकबरीत त्याचा उल्लेख आहे, पुराणांत आहे, धारेवर आंघोळ करणाऱ्यांच्या शेकडो पिढ्या होऊन गेल्या. तरी लिहिणाऱ्याने लिहिले म्हणून ते त्याचे झाले. असो. या विषयाकडे मी पुन्हा येणारच आहे.

अप्पा खंडेराव १७९७ साली गेला. पुढच्या वर्षी थॉमसने ओसाड पडलेले हांसी शहर घेतले, तट दुरुस्त केला, लोक बोलावून वसवले, तोफा ओतवल्या, टांकसाळ घातली. लढाईत पडलेल्या शिपायांच्या बायकामुलांना तो नेमणूक देई. त्या काळच्या हिंदुस्थानात कितीजणांनी हे केले, याचा विचार करावा. तीन-चार वर्षे हा टिपरेरीचा खलाशी हांसीचा राजा होता. कधी अप्पाचा पुतण्या वामनराव याच्याबरोबर जयपूरवाल्यांशी फत्तेपुरास लढला, कधी अंबाजी इंगळ्यांच्या वतीने मेवाडात लखबादादा लाडांवर चालून गेला, कधी शिखांच्या मुलखात शिरला. शेवटी शिंद्यांचा सेनापती पेरॉन याला हे शेजारी राज्य खुपू लागले. 'आमच्या चाकरीत ये' म्हणून निरोप गेला. एका फ्रेंच माणसाच्या हाताखाली राहायचे थॉमसने नाकारले. मग बोर्क्वीन नावाच्या दुसऱ्या फ्रेंचाला त्याच्यावर पाठवण्यात आले. २९ सप्टेंबर १८०१ रोजी जहाजगडाजवळ लढाई झाली. डिसेंबरात हांसी पडली. मानाच्या अटींवर त्याला इंग्रजांच्या हद्दीत सोडण्यात आले, आणि कलकत्त्याकडे जात असता बंगालमध्ये बहरामपूर येथे २२ ऑगस्ट १८०२ रोजी तापाने तो वारला. वय सेहेचाळीसच्या आसपास. माझ्याहून फार मोठा नव्हता.

ही झाली हकीकत. आता पुस्तकाकडे वळू.

हे चरित्र थॉमसच्या तोंडून ऐकून लिहिलेले आहे. राज्य गमावलेला माणूस गंगेच्या वाटेने खाली चालला आहे, आणि त्याच्याच राजाच्या फौजेतला एक विद्वान कप्तान त्याच्याशी बोलतो आहे, टिपून घेतो आहे. कल्पनेने पाहू गेल्यास कादंबरीकाराच्या तोंडाला पाणी सुटावे असा हा प्रसंग! आणि त्यातच एक लहानशी गोष्ट फ्रँकलिनने प्रामाणिकपणे नमूद करून ठेवली आहे. ती त्याने गाळली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. हकीकत सांगायची वेळ आली तेव्हा थॉमसने असे सुचवले, की मी फारशीत सांगतो. रोजच्या वापराने तीच भाषा मला माझ्या जन्मभाषेपेक्षा जवळची झाली आहे.

या एका वाक्यापाशी मी पुस्तक मिटून ठेवले आणि सरोवराच्या काठापर्यंत चालून आलो.

आम्ही मराठी कादंबरीकारांनी टोपीवाल्याची एक भाषा ठरवून टाकलेली आहे. तो 'टुम' म्हणतो, 'हमको माँगटा' म्हणतो, आणि वाचक हसतात. मी स्वतः हे पाप केलेले आहे. असईची लढाई, म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ ची, आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत झाली. लहानपणापासून तिच्या गोष्टी ऐकत आलो. माझ्या एका कादंबरीत मी असईच्या रणावर एक गोरा अधिकारी मरताना दाखवला आहे, आणि मरतानाही तो 'टुम' म्हणतो. वाचकांची पत्रे आली, त्यांत या प्रसंगाची तारीफ होती. आता ते पान उघडवत नाही. ज्या काळाबद्दल मी लिहीत होतो, त्याच काळात एक गोरा अंमलदार असा होऊन गेला होता, की ज्याचे फारशी आणि हिंदुस्थानी अस्खलित होते, ज्याला ती लिहितावाचताही येत होती, आणि ज्याला मरणाच्या वाटेवर स्वतःची कथा सांगायला इंग्रजी परकी वाटत होती. त्याच्या लहानपणी आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत इंग्रजीच्या जोडीने जुनी आयरिश भाषाही नांदत होती. त्या घरच्या बोलीवर खलाश्यांची इंग्रजी, तीवर दक्षिणेतल्या बोली, तीवर छावणीची हिंदुस्थानी, आणि शेवटी दरबारची फारशी अशी पुटे त्या जिभेवर चढली असतील. मुलांच्या बाबतीत तर ती भाषा कायमचीच घरात राहिली. त्याचा मुलगा जॉन याचे नाव उर्दू शायरांत घेतले जाते.

आणि पुस्तक आहे इंग्रजीत. नुसत्या इंग्रजीत नव्हे, तर कचेरीतल्या, कॉलर घातलेल्या इंग्रजीत. त्यात थॉमस आपल्याशी बोलतच नाही. फ्रँकलिन बोलतो, आणि मधूनमधून थॉमसला दोन वाक्ये बोलू देतो. तीही इस्त्री करून दिलेली. वाक्ये लांब, घोटीव, शहाण्या माणसाची. मला या पुस्तकाविषयी मुख्य तक्रार करायची आहे ती ही. फ्रँकलिनला फारशी येत नव्हती असे नाही. फारशीचा तो जाणकार होता, शाहआलमच्या कारकीर्दीचा इतिहास त्याने आधी लिहिला होता. म्हणजे ऐकणाऱ्याला भाषा येत होती, सांगणाऱ्याला येत होती, आणि जी वही तयार झाली तीत ती नाही.

असे का झाले असावे, हे पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावरून कळते. कोणत्या राज्याचा वसूल किती, कोणाकडे घोडेस्वार किती, पायदळ किती, कोणत्या वाटेला पाणी आहे, शिखांची सरदारी कशी आहे, राजपुतांच्या राज्यांची हद्द कुठवर आहे: हे सारे फ्रँकलिनने बारकाईने उतरवून घेतले आहे. पुस्तक निघाले १८०३ साली. त्याच साली दिल्लीपुढे, असईला आणि नोव्हेंबरात आमच्या वऱ्हाडात अडगावला शिंदे-भोसल्यांच्या फौजा कंपनीने मोडल्या. डिसेंबरात गाविलगड गेला. मग हे पुस्तक कोणी, कशासाठी वाचले असेल, हे निराळे सांगायला नको. मरणाऱ्या माणसाची उशी उसवून आत काय आहे ते पाहावे, तसा हा प्रकार वाटतो. मी फ्रँकलिनला दुष्ट म्हणत नाही. त्याला थॉमसविषयी ओढ होती, हे त्याच्या शब्दाशब्दांतून कळते. पण ओढ असूनही तो कामावर होता.

दुसरी तक्रार अप्पा खंडेरावाची. पुस्तकातला अप्पा कसा आहे? कंजूष, संशयी, पगार थकवणारा, आज पुत्र म्हणणारा आणि उद्या कारस्थान रचणारा. हे सगळे खोटे असेल असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले, आणि त्यानंतर उत्तरेत कोण कोणाचा याचा कुणालाच भरवसा राहिला नाही. अप्पाला वरून तगादा, खालून शिपायांचा दंगा. पैसा नसलेला सरदार संशयी होतो, यात नवल कसले? परंतु त्याच पुस्तकात, त्याच फ्रँकलिनच्या लेखणीने, आणखी एक अप्पा डोकावून जातो. तो दुखण्याने पिचलेला आहे. दुखणे बरे होणारे नाही. त्याने थॉमसला बोलावणे पाठवले आहे: मरणापूर्वी भेटून जा, पुतण्याला तुझ्या हाती द्यायचे आहे. थॉमस मोहिमेवर आहे. तो निघतो, पण पोचण्यापूर्वीच बातमी येते की अप्पाने यमुनेत देह टाकला.

फ्रँकलिन एवढे सांगून पुढच्या मोहिमेकडे जातो. मी जाऊ शकलो नाही. सांगली-पुण्याकडच्या नव्हे, आमच्यासारख्याच कुठल्यातरी मराठी घरातला एक म्हातारा सरदार, जन्म घोड्यावर काढलेला, परमुलखातल्या नदीकाठी उभा आहे. शेवटच्या दिवसांत त्याला स्वतःच्या जातभाईंपैकी कोणी आठवले नाही. ज्याच्यावर संशय घेतला, ज्याचा पगार थकवला, तो आयरिश मुलगा आठवला. हे दृश्य इंग्रजी चरित्रकाराला ओझरते वाटले, याचे मला दुःख नाही. तो अप्पाचे चरित्र लिहीत नव्हता. दुःख याचे आहे की आम्हीही ते लिहिले नाही. ना. सं. इनामदारांनी 'झुंज' लिहून यशवंतराव होळकरांना आमच्या घराघरांत आणले, तसा उत्तरेतल्या या दुय्यम सरदारांना कोणी आणले नाही. मोठ्या नावांच्या सावलीत लहान नावे वाळून जातात. पानिपत आम्ही शंभरदा लढलो. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत दिल्लीच्या आसपास मराठी माणसे वसूल करत होती, भांडत होती, आजारी पडत होती, मरत होती, तिकडे आमची दिवाळी अंकांची पाने फारशी फिरकत नाहीत.

थॉमसने त्या बोलावण्याचे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. वामनरावाशी त्याचे खटके उडाले. तरी जयपूरच्या स्वारीत तो त्याच्या बाजूने उभा राहिला. आणि बेगम समरू? जिने त्याला घालवून दिले, तिच्याच शिपायांनी १७९५ साली बंड करून तिला कैदेत टाकले, तेव्हा तिने मदत मागितली ती थॉमसकडे; आणि त्याने जाऊन तिला गादीवर बसवले. पुढे स्वतः सर्वस्व गमावल्यावर बायकोमुले त्याने ठेवली तीही त्याच बेगमेच्या आश्रयाला. फ्रँकलिन याला औदार्य म्हणतो. मला तो शब्द पुरत नाही. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या हाकेला जायचे, मग मधे काही का झालेले असेना. आपल्याकडे याला खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात, आणि हे वळण त्याला आयर्लंडातून आले होते की छावणीतून, हे ठरवण्याच्या भरीस मी पडत नाही. मिठाच्या सरोवराकाठी राहणाऱ्या माणसाने मिठाविषयी जास्त बोलूही नये.

त्याची दुसरी बाजू झाकून उपयोग नाही. त्याने गावे लुटली, वसुलीसाठी माणसे मारली. हांसीचे राज्य काही कीर्तन करून मिळाले नव्हते. पंजाब जिंकून तो इंग्रजांच्या राजाच्या पायाशी ठेवायचा, हे स्वप्न तो उघडपणे बोलून दाखवत असे. तेव्हा त्याला 'आपला' म्हणून डोक्यावर घेऊन नाचण्याचेही कारण नाही. शिवाय तो दारूडा होता. जहाजगडच्या लढाईत पहिल्या दिवशी त्याने बोर्क्वीनच्या फौजेची इतकी हानी केली, की दुसऱ्या दिवशी चालून गेला असता तर कदाचित सगळेच निराळे झाले असते. पण त्याचा तरुण सहकारी हॉपकिन्स जखमी होऊन मेला, आणि थॉमस तंबूत पीत बसला. दिवसामागून दिवस गेले, शत्रूला कुमक आली, आणि वेढा आवळला. सेनापती म्हणून ही अक्षम्य चूक. कादंबरीकार म्हणून मला तो इथेच सर्वांत जवळचा वाटतो.

हांसी पडल्यानंतरची एक गोष्ट जेम्स स्किनरच्या आठवणींतून आली आहे. स्किनर तेव्हा समोरच्या फौजेत होता. बाप स्कॉच, आई रजपूत, आणि पुढे याच हांसीत त्याने आपले पिवळ्या डगल्यांचे घोडदळ नांदवले. तहाच्या अटी ठरल्यावर बोर्क्वीनने थॉमसला मेजवानीला बोलावले. दारू पुष्कळ झाली. बोर्क्वीनने पेरॉनच्या शस्त्रांच्या यशासाठी प्याला उचलला. बाकीच्या अधिकाऱ्यांनी लाजेने आपले प्याले उपडे केले. थॉमसला प्रथम रडू कोसळले, मग त्याने तलवार उपसली, आणि यजमान तंबूबाहेर पळाला. समजूत घालून त्याला किल्ल्याकडे परत नेत असता दरवाज्यावर पहारेकऱ्याने हटकले. पहारा आता बोर्क्वीनचा होता. 'साहेब बहादूर' येत आहेत, असे उत्तर गेले. हांसीत थॉमसला तेच म्हणत. पहारेकऱ्याने सांगितले, की तसल्या कोणा साहेब बहादुराला मी ओळखत नाही आणि परवानगीवाचून आत सोडणार नाही. थॉमसने तलवारीच्या एका घावात त्याचा हात तोडला. सकाळी शुद्धीवर आल्यावर त्याला कळले की आपण काय केले. त्याने त्या शिपायाला बोलावून घेतले आणि पाचशे रुपये दिले.

ही गोष्ट सांगताना सगळे लेखक थॉमसकडे पाहतात: काय त्याचा अभिमान, काय त्याचा पश्चात्ताप! मी मात्र त्या शिपायाकडे पाहत राहतो. त्याने हुकूम पाळला होता. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पाचशे रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हती. पण हात गेलेला शिपाई घरी जाऊन काय म्हणाला असेल? फ्रँकलिनचे चरित्र इतके घोटीव आहे, की त्यात असला ओबडधोबड प्रसंग मावलाच नसता. स्किनर विद्वान नव्हता, पण तो तिथे होता, आणि छावणीची बोली त्याच्या कानांत होती. म्हणून त्याच्या चार ओळींत जिवंत थॉमस जितका सापडतो, तितका फ्रँकलिनच्या शंभर पानांत सापडत नाही. (आमच्या मुलांनी तो मातीचा टोपीवाला अखेरीस गडाच्या दरवाज्यावर पहारेकरी म्हणून उभा केला. मी काहीही सुचवलेले नव्हते.)

फ्रँकलिनवर मी इतका का चिडलो, याचे खरे कारण आता सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी मीही एक चरित्र लिहिले. आमच्या भागातले एक निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, १९७१ च्या लढाईत पूर्वेकडे होते. त्यांच्या नातवंडांसाठी त्यांची हकीकत लिहून द्यावी असे घरच्यांनी मला विनवले. रोज संध्याकाळी ते ओसरीवर बसून सांगत आणि मी वहीत उतरवून घेई. त्यांच्या कंपनीचा कप्तान तरुण होता, दक्षिणेकडचा. आल्यावर वर्षभरात जवानांकडूनच मराठी शिकला होता, आणि तीही कोल्हापूरपासून बुलढाण्यापर्यंतची सगळी मिसळून. एका रात्री भाताच्या शेतात त्याला गोळी लागली. सुभेदारांच्या मांडीवर त्याने प्राण सोडला.

मी तो प्रसंग फुलवून लिहिला. आकाशात चांदण्या होत्या, दूर तोफांचा गडगडाट होता, आणि कप्तानाच्या तोंडी मातृभूमीविषयी काही वाक्ये होती. वही पुरी झाल्यावर मी सुभेदारांना वाचून दाखवली. ते सगळे शांतपणे ऐकत होते. त्या पानापाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"गुरुजी, चांगलं लिवलं तुमी. पन त्यानं असं नाही म्हटलं."

"काका, अर्थ तोच ना?"

"अर्थ नाही मालूम. त्यानं पानी मांगतलं. 'पानी दे रे बावा' म्हने. आन ते मराठीत मांगतलं. त्याच्या मायच्या भाषेत नाही. माह्या भाषेत."

मी 'बघतो' म्हणालो. बघितले नाही. वाक्य छान जमले होते, ते मोडायला हात धजेना. आणि खरे सांगायचे तर मला वाटले, 'पानी दे रे बावा' हे चरित्रात कसे शोभेल? सुभेदार पुन्हा काही बोलले नाहीत. दीड वर्षाने ते गेले. वही त्यांच्या घरी दिलीच नाही; 'पक्की नक्कल करायची आहे' या सबबीवर ती माझ्याच कपाटात राहिली.

कोणत्याही मरणाऱ्या अधिकाऱ्याने शेवटी कोणती भाषा जवळ केली, ही गोष्ट फ्रँकलिनच्या हाती आली होती, आणि त्याने निदान ती एका वाक्यात नोंदवून तरी ठेवली. त्या बाबतीत तो माझ्याहून प्रामाणिक निघाला. थॉमसच्या मरणाविषयी मात्र त्याच्याजवळ थोडेच शब्द आहेत: ठिकाण, तारीख, पुरले ती जागा. बहरामपूरच्या त्या पावसाळ्यात तापाच्या भरात थॉमस काय बडबडला असेल, कोणाला हाक मारली असेल, टिपरेरीच्या आईला की यमुनेकाठच्या अप्पाला, आणि कोणत्या भाषेत, हे कोणी टिपून घेतले नाही.

यंदाच्या सुटीत सुभेदारकाकूंनी वहीची आठवण केली. म्हणाल्या, "नातू मोठा झाला, वाचते आता." मी वही काढून त्या पानावरच्या चांदण्या खोडल्या, तोफा खोडल्या, मातृभूमीवरच्या अकरा ओळी खोडल्या. मग सुभेदारांनी सांगितले होते तेवढे खाली लिहिले, 'पानी'चा 'न' तसाच ठेवून.